दोन बहिणी, दोन नळ्या

पूर्णा,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६३

तीर्थस्वरूप शिवलिंगअण्णा यांच्या चरणी भागम्माचे शरणु शरणार्थ.

विशेष. इकडे सर्व ठीक. गाय व्याली, कालवड झाली. ह्यांची नांदेडला बदली होणार होती ती तूर्त टळली, स्टेशनातल्या मालगोदामावरची कारकुनी चालू आहे. गारठा चांगला पडलाय, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्यात. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? उमादेवीला अनेक आशीर्वाद. रीतीचं लिहायचं तेवढं लिहून झालं. आता तुमच्या पत्राकडे येते.

पत्र पोचलं. वाचलं आणि जात्याखाली दाबून ठेवलं, नाहीतर चुलीत गेलं असतं. माझं अक्षर आज वाकडंतिकडं आलंय. अप्पा असते तर दुकानात समोर बसवून पाटीवर पुन्हा गिरवायला लावलं असतं त्यांनी. तूर्त रागानं हात कापतोय असं समजा. दुसरंही कारण आहे, ते पुढं लिहीन.

तुम्ही लिहिलंत, आपली धाकटी महानंदा नाटक करते. सासरी काम नको म्हणून भिंतीशी बोलते, जेवण टाकते, रात्र रात्र बसून राहते. आणि त्याच पानावर खाली लिहिलंत, की तिला ताबडतोब बोरीला परत धाड, जावईबापू चंद्रप्पा तिला वेड्यांच्या इस्पितळात घालायची तजवीज करतायत, ते दुसरं लग्न करणार आहेत आणि अप्पांच्या माघारी माहेरचे वडीलधारे म्हणून तुम्ही दोन्हीला रुकार दिलाय. अण्णा, दुकानात गिऱ्हाइकाला तरी एका मालाचे दोन भाव सांगत नाही तुम्ही. नाटक करते तर इस्पितळ कशाला? वेडी आहे तर नाटक कुठलं? वरच्या ओळीची शाई वाळायच्या आत खालची लिहून मोकळे झालात.

आणि शेवटी माझ्यावर घसरलात. रेल्वेच्या दवाखान्यात परक्या माणसाकडून बहिणीचं रक्त काढवलंस, घराण्याची बेइज्जती केलीस. ही खबर फुटली तर ह्यांच्या रक्तातच वेड आहे असं चार घरी बोलतील आणि आमच्या पोरीची, उमादेवीची, सोयरीक मोडेल. तुमच्या पत्रातलं हे एकच वाक्य मला खरं वाटलं. बाकी सगळं पत्र त्या वाक्यासाठी लिहिलंय, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

तर आता रक्ताचंच सांगते. नीट बसून वाचा. गिऱ्हाईक आलं तर थांबवा.

दिवाळीला महानंदाला आणायला माहेरचं कुणी गेलं नाही. तुमची दुकानाची गडबड. मग गेल्या पंधरवड्यात आम्ही दोघंच बोरीला गेलो. आमच्या धाकट्या बहिणीला आम्ही कुठं बघितलं ते ऐका. गोठ्याशेजारच्या खोलीत, मेढीला दावं बांधून. तेच दावं म्हशीला बांधतात. कपाळावर दोन्ही बाजूंना बिब्याचे डाग दिलेले, ते सुकून काळे पडले होते. बोटांचे सांधे सुजलेले. अंगात ना धड ताप, ना धड ताप नाही. तिच्या सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे, उतरेल. चंद्रप्पा अंगणात सुपारी कातरत बसले होते. घेऊन जा म्हणाले. अडकित्ता हातातून खाली ठेवला नाही त्यांनी.

ती काय बोलते ते तुम्ही ऐकलंच नाही म्हणून सांगते. अप्पांच्या दुकानात धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नसे, लाभ म्हणत असे. लाभ, मग दोन, मग तीन. तो मापाडी तिच्या कानात येऊन बसलाय. लाभ म्हणतो, आणि दोनवर जातच नाही. पुन्हा लाभ, पुन्हा लाभ. दिवसभर, स्वैपाकात, न्हाताना, डोळा लागायला आला की तेव्हाही. ती त्याला हात जोडते, की बाबा, एकदा दोन म्हण, म्हणजे मी झोपते. भिंतीशी बोलते ती हे बोलते. असलं नाटक करायला कुणाला सुचतं, अण्णा? तुम्हाला सुचलं असतं का?

पूर्ण्याला आणल्यावरही ती जेवेना. मी ताट वाढायची, ती ताटाकडे बघायची, पदराखाली छातीशी हात न्यायची आणि ताट बाजूला सारायची. पाणीसुद्धा घोटभर, तेही डोळे मिटून, चोरी केल्यासारखं. मी गोड बोलून बघितलं, मग तोंड सोडलं. बोरीला तर नाक दाबून दूध पाजत होते म्हणे. हाडाला कातडं चिकटलेलं बघून शेवटी आमचे हे म्हणाले, दस्तगीर डॉक्टरांना दाखवू.

दस्तगीर डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्कर, हळू बोलणारे. आमच्या घरच्यांना टायफॉइडमधून त्यांनीच उठवलं. महानंदाला त्यांनी काय होतंय असं विचारलंच नाही. तिची बोटं हातात घेऊन बघितली, कपाळावरचे डाग बघितले, आणि मला म्हणाले, रक्त बघू या.

मी म्हटलं, रक्तात वेड दिसतं का?

ते म्हणाले, वेड दिसत नाही. पण आत कुठं आग लागली असेल तर रक्त चुगली करतं.

तुम्हाला बेइज्जती झाली ती कशानं झाली ते कळावं म्हणून सांगते. त्यांच्याकडे हातभर उंचीच्या काचेच्या बारीक नळ्या आहेत, अंगावर रेघा कोरलेल्या. जर्मनीच्या. लढाई लागल्यापासून नवीन येत नाहीत, सगळ्या फुटून दोनच उरल्यात, म्हणून ते स्वतःच धुतात. रक्त घट्ट होऊ नये म्हणून त्यात एक खारं पाणी घालतात, नळीत ओढतात आणि नळी सरळ उभी करून तासभर ठेवतात. लाल गाळ खाली बसत जातो, वर पिवळसर निवळ राहते. वरण तसंच ठेवलं की वर पाणी निवळतं ना, तसं. धडधाकट माणसाचं रक्त सावकाश बसतं. शरीरात कुठं सूज असेल, पू असेल, जुनाट ताप मुरला असेल, तर धाडकन खाली बसतं.

दुसरी नळी रिकामी होती. मी दंड पुढं केला. म्हटलं, माझंही घ्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, आमचे भाऊ आहेत पालमला, त्यांना केव्हापासून धास्ती, की लोक आमच्या घराण्याचं रक्तच नासलंय म्हणतील. एका आईच्या आम्ही दोघी, शेजारी ठेवून बघा. म्हातारा हसला, पण घेतलं त्यानं.

तर त्या दोन नळ्या खिडकीत शेजारी उभ्या केल्या आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. महानंदाचं डोकं माझ्या खांद्यावर. लाभ, लाभ, तोंडातल्या तोंडात चालूच. माझ्या नळीत वर रेघभर निवळ आली आणि तिथंच रेंगाळली. तिची नळी बघता बघता उतरत गेली. तास भरला तेव्हा अर्ध्याहून जास्त नळी पिवळी होती आणि लाल सगळं तळाशी. माझं जिथं होतं तिथंच, जवळजवळ काठाला. एकाच अंगणात वाढलो, एकाच ताटात जेवलो, अण्णा. मी बघत राहिले.

डॉक्टर वाकून बघून आले आणि माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "बाई, ये नाटक नहीं है. नाटक करने से ख़ून इत्ता नीचे नहीं जाता."

हे वाक्य तुम्ही उमादेवीकडून मोठ्यानं वाचून घ्या. वहिनींनाही ऐकवा.

आता तुम्ही म्हणाल, मग वेडाचं औषध द्या म्हणावं. मीही तेच म्हटलं. माणूस खरा, त्यानं माझ्या तोंडाला पानं पुसली नाहीत. तो म्हणाला, ही नळी रोगाचं नाव सांगत नाही. क्षयातही रक्त असंच बसतं, सांधे धरले तरी बसतं, बाई गरोदर असली तरी बसतं. पण परमुलखातल्या इस्पितळांत वेड लागलेल्या कितीतरी माणसांचं रक्त डॉक्टरांनी असं उभं करून बघितलंय, आणि त्यातल्या पुष्कळांचं असंच भराभरा खाली गेलं, अंगात ताप नसतानासुद्धा. आग लागली म्हणून डोकं फिरतं, की डोकं फिरलं म्हणून आग लागते, का तिसरंच काही दोन्ही करतं, हे त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. घराण्याचं विचारलं तर म्हणाले, ह्या नळीला घराणं कळत नाही. पण एवढं नक्की, की ह्या पोरीचं शरीर आजारी आहे, आणि आजारी माणसाला दाव्यानं बांधत नाहीत.

बिब्याच्या डागांमुळं तर नाही, असंही मी विचारलं. ते म्हणाले, ते कधीच सुकलेत, ही आत धुमसणारी आग आहे. ती कुठं आहे ते शोधायचं. आधी छाती बघू, मग दात.

छाती बघायला तिथली नर्स, रूथबाई, तिला पडद्याआड घेऊन गेली. मीही गेले. रूथबाईनं चोळी सोडली. आणि मी बघितलं, तिचा गळा मोकळा होता.

लिंग नव्हतं. ते गळ्यात बांधायचा शिवदोरा नव्हता. पदराखाली आहे असंच मी इतके दिवस धरून चालले होते. ते नसेल हे मनातही येत नाही ना आपल्या. डोक्यावर केस आहेत का बघतो का कुणी? मी म्हटलं, महानंदा, तुजं लिंग कुटं हाय?

तिनं माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट माझ्या डोळ्यांत बघितलं तिनं. म्हणाली, "काडून घेतलंय, आक्का. मंग मी कशी जेवू? लिंगाला दाखवल्याबिगर घास तोंडात घालावा का?"

मी म्हटलं, आगं, मग बोलली का न्हाईस?

"रोजच सांगायले मी. आयकतंय कोन?"

कळलं का, अण्णा? अप्पांनी पाचवीला... नाही, पाळण्यातच आपल्या तिघांच्या गळ्यात लिंग बांधून घेतलं. आंघोळ करून तळहातावर घेऊन पूजा केल्याखेरीज आई आपल्याला भाकरीचा तुकडा हातात घेऊ द्यायची नाही. तुम्ही एकदा शाळेत जायच्या घाईत तसेच बसलात, तर ताट काढून घेतलं होतं तिनं. तुम्ही रडला होता. ते सगळं महानंदाच्या अंगात मुरलंय. डोकं फिरलं, मापाडी कानात येऊन बसला, नवऱ्याला ओळखेना अशी झाली, पण एवढं एक तिनं सोडलं नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून काय केलंत? लिंग काढून घेतलंत आणि मग ती जेवत नाही म्हणून बांधलंत, नाक दाबून दूध ओतलंत, चार माणसांत सांगितलंत की बघा, अन्न टाकलं, हेच वेडाचं लक्षण. जे वेड नव्हतं त्याला वेड म्हणालात आणि जो आजार आहे त्याला नाटक.

आपण नाकानं कांदे सोलतो, अण्णा, की आमच्यात सोवळंओवळं नाही, विटाळ नाही, लिंग अंगावर असलं की सगळं शुद्ध. मग वेडीच्या गळ्यात लिंग विटाळतं, हे कुठल्या मठात शिकलात? माणूस मेलं तरी आपण लिंग काढत नाही. मातीत बसवतो तेही तळहातावर लिंग देऊन. मेलेल्याला जे देतो ते जित्या पोरीचं काढून घेतलं.

कुणी काढलं, तेही तिनं सांगितलं मला. ते मी शेवटी लिहीन. आता लिहिलं तर पुढचं तुम्ही वाचणार नाही.

छाती साफ निघाली. खालच्या जबड्यातल्या दोन दाढा मात्र सडल्यात, आत पू आहे. बोटाचे सांधे निराळेच. डॉक्टर म्हणतात, दाढा काढून बघू, मग पुन्हा नळी उभी करू. वेड जाईल असं कबूल करत नाही म्हणाले, पण एक एक आग विझवत जायचं. फक्त ह्या अंगानं दाढ काढली तर ही उठायची नाही. आधी दोनेक आठवडे पोटभर जेवली पाहिजे.

म्हणून मी मठात गेले. स्वामींना म्हटलं, हिला नवीन लिंग द्या. त्यांनी विभूती लावली, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "खुळ्या मानसाला कसली दीक्षा, माय? नवऱ्याची न्हाईतर माहेरच्या वडिलाची परवानगी आन, मंग बघू." नवरा अडकित्ता घेऊन बसलेला. माहेरचे वडील म्हणजे तुम्ही, आणि तुमचं पत्र मी घरी जात्याखाली दाबून आलेली. मी परत आले.

तरी ती जेवली. दुसऱ्याच दिवशी सकाळी जेवली.

न्हायला घातलं, पाटावर बसवलं, लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. पाणी, विभूती, बेलाचं पान, ज्या क्रमानं आईनं शिकवलं त्याच क्रमानं, एक चुकलं नाही. तोंडानं मापाडी चालूच होता, लाभ, लाभ, आणि हात आपली पूजा करत होते. ती थांबली तेव्हा मी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तिनं तळहातावरच्या लिंगाला ताट दाखवलं आणि खाल्लं. मागून घेतली भाजी. रूथबाई बघायला आली होती, ती दारात उभी राहून डोळे पुसत होती. ती बाई येशूची, तिला कळलं.

तेव्हापासून रोज जेवते. संध्याकाळी दूधभात. मापाडी गेला नाही, उगीच तुम्हाला खोटं कशाला सांगू. परवा तिनं माझ्या कालवडीला अप्पा म्हणून हाक मारली. पण हातापायाला थोडी धग आली आहे, आणि काल रात्री तिनं झोपेत कूस बदलली. आल्यापासून ती ताठ निजायची.

आता ते लिंग कुठून आलं, हे तुम्ही विचाराल. आणि कुणी काढलं होतं, हे तुम्ही विचारणार नाही.

आधी तुमचं सांगते. रूथबाईच्या पडद्याआड मी तिला विचारलं, कुणी काढलं? मला वाटलं होतं ती सासूचं नाव घेईल. मी मनात सासूला शिव्या तयार ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "अण्णानं नेलंय. जपून ठिवतो म्हनला. आनून देनार हाय."

दसऱ्याला तुम्ही बोरीला जाऊन आलात. मला एका अक्षरानं बोलला नाहीत. तिच्या सासूबाई म्हणाल्या असतील, ही कुठं तरी टाकील, विटाळील, विहिरीत फेकील, तुमच्या घरचं तुम्ही सांभाळा, आणि तुम्ही मान डोलावली असेल. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नसता. तुम्ही पुढं गेलात म्हणून तिनं मान खाली घातली आणि काढू दिलं. अप्पांच्या माघारी तुम्हीच अप्पा होता ना तिचे. पालमला घेऊन गेलात, आणि देवळीत ठेवलंत की तिजोरीत ते तुम्हालाच ठाऊक. रोज सकाळी स्वतःचं लिंग तळहातावर घेता तेव्हा ते दुसरं दिसत नाही का हो? जेवण जातं तुम्हाला?

हे मी रागानं लिहिते. मला फार राग आलाय. चंद्रप्पाचा येतो त्याच्या कितीतरी पट तुमचा येतो, कारण चंद्रप्पाकडून मला काही नकोच होतं.

आणि आता माझं. महानंदाच्या गळ्यात आज जे लिंग आहे ते माझं आहे. मठातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पूजा केली, शिवदोरा गळ्यातून काढला आणि तिच्या गळ्यात बांधला. आपलं लिंग दुसऱ्याला देत नाहीत, मला ठाऊक आहे. ह्याबद्दल कुठल्या पंगतीतून उठवायचं ते पंचांनी खुशाल ठरवावं. मला वाटलं होतं, तिची पूजा झाली की रोज तेवढ्यापुरतं परत मागून घेईन, माझी पूजा करीन आणि पुन्हा तिला देईन. पण ती हात लावू देत नाही. कुणी दोऱ्याकडे हात नेला की दोन्ही मुठीत धरून किंचाळते. एकदा काढून नेलेलं तिला पुरेपूर आठवतं. मी एकदाच हात नेला, पुन्हा नेला नाही.

ह्यांच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं. सकाळी पाटावर बसले, शेजारचा पाट रिकामा. म्हणाले, तुजं कुठाय? मी म्हटलं, पाहिजे तिथं हाय. तेव्हापासून रोज ताकाचा तांब्या माझ्या जवळ आणून ठेवतात आणि गोदामावर जातात. परत येतात तेव्हा तो तसाच असतो. काल त्यांनीही भाकरी अर्धी टाकली, तेव्हा मी त्यांना रागे भरले, की दोघांनी निजून कसं चालेल, तिला सांभाळायला एक जण उभा पाहिजे.

तेव्हा अक्षर वाकडं का आलंय ते कळलं असेल. राग आहेच. पण पोटात अन्न नाही, हेही आहे. पाणी तेवढं घेते, महानंदा घ्यायची तसं, डोळे मिटून.

ही धमकी समजू नका. धमकी द्यायची तर मी चंद्रप्पाला दिली असती. ही आपल्या घरची रीत आहे, आपल्या आईची, आणि ती फक्त महानंदानंच पाळायची आणि तिलाच तेवढी वेडी म्हणायची, असं होऊ नये. मलाही आता वेडी म्हणा. माझं रक्त डॉक्टरांकडे तपासलेलं आहे, काठाला आहे म्हणावं.

उमादेवीच्या सोयरिकीचं. ज्या घराला मुलीची आत्या आजारी आहे एवढं ऐकवत नाही, त्या घरात उद्या आपली पोर आजारी पडली तर तिला कुठल्या मेढीला बांधतील, हा विचार तुम्ही करा. मी आत्या म्हणून सांगते, बाप म्हणून ठरवायचं तुम्हाला आहे. मी उमादेवीचं वाईट चिंतीत नाही. तिचा चेहरा महानंदासारखा आहे, तुम्हीच म्हणता.

हे पत्र डाकेनं टाकत नाही. गोदामावरचा आश्रुबा त्याच्या बहिणीकडे पालमला निघालाय, त्याच्या हाती देते. तो तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसेल. त्याला उत्तर लिहून देऊ नका. पत्रं पुष्कळ झाली. त्याच्याबरोबर निघा. गंगाखेडपर्यंत गाडी जोडा, तिथून आगगाडीनं परभणी, आणि परभणीहून इकडे. चंद्रप्पाला निघताना निरोप धाडा, की दिलेला शब्द मी परत घेतला, महानंदा इस्पितळात जाणार नाही आणि तिच्या जिवावर दुसरा मांडव पडणार नाही. डॉक्टर म्हणतात, जावई आले तर त्यांच्यासमोर नळी उभी करून दाखवीन. उरलेल्या दोन नळ्या फुटायच्या आत या म्हणावं.

हे लिहिताना ती शेजारी बसली आहे. शेंगा सोलायला दिल्यात तिच्यापुढं, सोलतेय, दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला. मघाशी विचारलं, कुनाला लिवायलीस? मी म्हटलं, अण्णाला. तिनं गळ्यातला दोरा चाचपला, आणि मग हळूच म्हणाली, "हे तुजं हाय, आक्का, मला कळतंय. अण्णा आला की देते. त्याला घाई करू नको म्हनावं. येतोच की तो."

ऐकलंस, अण्णा? तिला कळतं. मापाडी कानात ओरडत असतानासुद्धा तिला कळतं की गळ्यात कुणाचं आहे आणि कुणाचं कुणाकडे आहे. आणि अजून ती तुझी वाट बघते. तिला तुझा राग नाही. तिच्या वाटचाही मीच करतेय.

ती म्हणते घाई नको. मी म्हणते, घाई कर. तिचं लिंग घेऊन ये. तू तुझ्या हातानं काढलंस, तुझ्याच हातानं तिच्या गळ्यात बांध, आणि माझं सोडून मला दे. मग आपण तिघंही न्हाऊन पाटावर बसू, लहानपणी बसायचो तसे, आणि जेवू. त्यानंतर मला जे बोलायचं असेल ते बोल, मी खाली मान घालून ऐकून घेईन.

तू आल्याखेरीज पुन्हा शरणु करणार नाही.

तुझ्या पाठची, उपाशी,
भागम्मा